दाऊदभाईंची लेव्हल

भाताच्या खाचरात पाणी सारखं उभं राहिलं की दाऊदभाईंच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या, अदीबाच्या, निकाहातही पाहिलं नव्हतं. निकाहात ते मांडवाच्या जमिनीकडे बघत होते. मंडपवाल्याने एका बाजूच्या खुर्च्या उतारावर मांडल्या होत्या आणि नवरदेवाचे मामा जेवता जेवता हळूहळू पुढे सरकत होते. दाऊदभाईंना मुलीच्या पाठवणीचं रडू आलं, ते ही व्यवस्था नीट केल्यावर.

भिवंडीकडून येताना पडघ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की भातशेतांच्या मधून एक वाट जाते. तिच्या टोकाला दोनच घरं आहेत, एक त्यांचं आणि एक माझं. मी बकुळा. सरकारी आरोग्यसेविका म्हणून आयुष्यभर गावोगाव पोरांना सुया टोचल्या आणि निवृत्त झाल्यावर शांतता मिळेल म्हणून इथे घर बांधलं. शेजारी कोण राहतं ते जागा घेताना मला कुणी सांगितलं नाही.

दाऊदभाई इथले जुने कोकणी मुसलमान. त्यांचे भाऊबंद भिवंडीत लूम टाकून बसले, हे मात्र ट्रॅक्टर घेऊन शेतातच राहिले. चिखलणी करून शेत सपाट करण्यात शेलार गावापर्यंत आपला हात धरणारा कुणी नाही असं ते स्वतः सांगतात आणि लोकही नाही म्हणत नाहीत. भाताला पाणी सगळीकडे सारखं लागतं. एका कोपऱ्यात गुडघाभर आणि दुसरीकडे कोरडं, असं झालं की पीक वर-खाली येतं. म्हणून लोक त्यांना बोलावतात. ते बांधावर उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि "त्या कोपऱ्यात चार बोटं जास्त हाय" असं सांगतात. मोजलं तर खरोखर चार बोटंच निघतात.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. पण ही लेव्हल शेतात थांबत नाही. माझं घर झालं तेव्हा ते बघायला आले. हॉल नाही, स्वयंपाकघर नाही, थेट न्हाणीघरात गेले. गवंडी तिथे उतार द्यायला विसरला होता. आंघोळ केली की पाणी मोरीकडे जायचं नाव काढत नसे, सगळीकडे सारखं पसरून बसे. मी त्या गवंड्याला रोज सकाळी शिव्या देत होते. दाऊदभाईंनी त्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बकुळाबाय, हा गवंडी हातचा सोडू नका." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता त्यांच्या बायकोबद्दल, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. हबीबा माझ्याच वयाची. तिच्या हातचं सांदण, म्हणजे तांदळाच्या रव्याचं नारळ घालून वाफवलेलं गोड, अख्ख्या पडघ्यात प्रसिद्ध. पूर्वी ते पोचवायला तिला कुणाच्या तरी रिक्षाची वाट बघावी लागे. गेल्या वर्षी माझ्या मुलीने, धम्मदिनाने, तिला स्कूटर शिकवली. या वयात कशाला, असं सगळे म्हणाले. मी तर सर्वांत आधी म्हणाले. पण पंधरवड्यात ही बाई डोक्यावर ओढणी, ओढणीवर लाल हेल्मेट आणि पायापाशी सांदणाचं पातेलं अशी पडघ्याच्या बाजारातून हॉर्न वाजवत जाऊ लागली. तिचं बोलणं बदललं, चालणं बदललं. "मी जरा जाऊन येते" हे वाक्य ती दिवसातून दोनदा म्हणायची, आणि म्हणताना तिला इतकं बरं वाटायचं की कधी कधी कुठे जायचं ते ठरलेलंही नसायचं.

उन्हाळ्यात पलीकडे एक गोदाम बांधायला निघालं आणि त्याचे डंपर आमच्या वाटेने गेले. वाटेची चाळण झाली. आम्ही ओरडलो तेव्हा त्या लोकांनी खडी आणि मुरमाचे ढीग आणून वाटेवर ओतले आणि निघून गेले. पसरायचं काम आमच्यावर सोडलं. पावसाच्या सुरुवातीलाच हबीबाची स्कूटर त्या सुट्या खडीवरून घसरली. गुडघा सोलला, कोपर सोललं. सांदण वाटेकडेच्या ओढ्यात गेलं. मी जखमा धुवून पट्टी बांधत होते, दाऊदभाई दारात उभे होते, आणि ती अगदी शांतपणे बोलली. एरवी ती आरडाओरडा करते. त्या दिवशीचं ते शांत बोलणं मला आवडलं नाही.

"अदीबाचे अब्बा, मी लावणीपर्यंत थांबते. तवर रस्ता नीट झाला न्हाय तर मी स्कूटर घेऊन कोन गावाला चालले, अदीबाकडं. तिच्या बिल्डिंगच्या खालपासून डांबर हाय."

"कायमची?" दाऊदभाईंनी विचारलं.

"तुमी पन या. तिसऱ्या माळ्यावर खोली हाय."

दाऊदभाई तिसऱ्या मजल्यावर! जिथे जमीन म्हणजे दुसऱ्याचं छप्पर असतं, तिथे हा माणूस आठ दिवस जगला नसता. आणि हबीबाशिवाय इथे तर चारही नाही. त्यांचा चेहरा उतरला. पण उतरलेल्या चेहऱ्यानेही त्यांनी एक डोळा मिटून वाटेकडे बघितलंच.

आधी त्यांनी घरात होतं ते जोडून बघितलं. नऊ फणांचा कल्टिव्हेटर ट्रॅक्टरमागे लावून वाट नांगरली. शेताला ते ठीक आहे. इथे तळाची माती वर आली, खडी खाली गेली, आणि जी काय थोडीफार वाट होती तिचंही ढेकळांचं रान झालं. मग रोटाव्हेटर लावला. मी खिडकीतून ओरडले, "अहो, त्यात पाती फिरतात, दगड उडतील!" त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. पहिला दगड माझ्या तुळशीच्या, म्हणजे औषधासाठी लावलेल्या तुळशीच्या, कुंडीला लागला. दुसरा त्यांच्याच हेडलाइटला. तिसऱ्याची मी वाट बघितली नाही, खाटेखाली गेले. संध्याकाळी ते भातशेतात ओढायची लाकडी फळी घेऊन आले. फळी खडीवरून अशी मजेत सरकत गेली की खडीला काही झालंच नाही, फळीची मात्र धार गेली.

"अवजार बदलायला पायजे," असं ते शेवटी म्हणाले. हे त्यांना कळलं, याचं मला कौतुक वाटलं. ते फार काळ टिकलं नाही.

पडघ्यात प्रितम नावाच्या मुलाचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. विकतो, भाड्यानेही देतो. दाऊदभाई मला सोबत घेऊन गेले, कारण त्यांच्या मते मी सरकारी माणूस आणि दुकानदार सरकारी माणसाला फसवत नाहीत. प्रितमने दोन वस्तू दाखवल्या. पहिली पेटीचं लेव्हलर. तीन बाजूंनी बंद, तळ नसलेली लोखंडी पेटी, पुढे खाली सोडता येणारे दात. दात खड्डे उकरतात, उकरलेली खडी पेटीत धरली जाते, आणि मागच्या कडेने ती जिथे कमी तिथे भरत जाते. दुसरी वस्तू म्हणजे साधं मागचं पातं. लांब, आडवं, पण मधल्या खिळीवर तिरकं फिरवता येणारं.

"काका, दोन्ही घेऊन जा," प्रितम म्हणाला. "आधी पेटीने खड्डे काढायचे. मग हे पातं तिरकं करायचं आणि कडेची खडी मध्ये ओढायची. दोन्ही साइडने एकेक फेरी. रोड मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार. पाणी थांबलं की रोड गेला समजा."

दाऊदभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने त्यांच्या वडिलांबद्दल काहीतरी म्हटलं होतं.

"पानी थांबवण्यात आमची हयात गेली, आन तू बोलतोस पळवून लाव?"

"काका, वो खेत है, ये रोड है."

"जमीन ती जमीन. मी तिरकं काम करत न्हाय. लोक काय बोलतील? दाऊदची लेव्हल गेली?"

मी म्हटलं, "दाऊदभाई, घ्या ना दोन्ही. वापरू नका हवं तर." पण त्यांनी त्या पात्याकडे पाठ केली. पेटीचं लेव्हलर ट्रॅक्टरला जोडलं आणि निघाले. ट्रॅक्टरच्या मागच्या उजव्या हाताला एक मुठीची दांडी असते. ती फिरवली की अवजार एका अंगाला कलतं. ती दांडी त्यांनी जागच्या जागी तारेने बांधून टाकली, चुकून कुणी फिरवू नये म्हणून. इतका हट्टी माणूस मी दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता, आणि तिथे मी इंजेक्शनला घाबरून झाडावर चढलेले पैलवान पाहिलेत.

पावसाने जरा उघडीप दिली होती. दाऊदभाई सकाळी सुरू झाले ते दिवस मावळेपर्यंत उतरले नाहीत. खरं सांगायचं तर काम बघत राहावं असं होतं. दातांनी खड्डे उकरले, पेटीने मुरूम ओढून नेला, खडी बसली. ते मागे वळून बघायचे, एक डोळा मिटायचे, पुन्हा फेरी. पेटीच्या दोन्ही बाजूंनी थोडी माती सांडून कडेला वरंबा उठला होता. प्रितम असता तर तो त्याने काढून टाकला असता. दाऊदभाई ट्रॅक्टरवरून उतरले, फावडं घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या त्या वरंब्यांना मायेने थोपटून त्यांचे छान बांध केले. हाताला सवय होती. त्यांनाही कळलं नसावं, आणि मला तर काय, ते दिसायला इतकं सुबक होतं की मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शेतांपलीकडचा अख्खा पाडा बघायला आला. असा सपाट रस्ता कुणी पाहिला नव्हता. पाड्यावरचे केसरीनाथ, जे स्वतःच्या लग्नाचंही कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, "दाऊदभाय, कॅरम ठेवा हितं." हबीबाने हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली. ती अजिबात न हिंदकळता डांबरापर्यंत गेली, वळली, परत आली. तिच्या चेहऱ्यावर ते पूर्वीचं "मी जरा जाऊन येते" पुन्हा उमटलं. दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं. जिंकलेला माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं.

मग पाऊस आला. आमच्याकडे आला की तो बसूनच घेतो. सकाळी उठून मी दार उघडलं, तर समोर रस्ता नव्हता. पाणी होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत, आमच्या दारापासून थेट डांबरापर्यंत, काठोकाठ आणि इतकं एकसारखं की कुठे सुरकुती नाही. बेडूक ओरडत होते. दोन बगळे अगदी हक्काने उभे होते.

त्याच दिवशी लावणीच्या बायका यायच्या होत्या. राहीबाई त्यांची म्होरकी. दाऊदभाईंनी तिला फोनवर सांगितलं होतं, डांबरावरून आत आलीस की पहिलं चिखल केलेलं खाचर दिसेल, तिथून सुरुवात कर. ती आली, पहिलं पाण्याने भरलेलं, बांध घातलेलं काहीतरी तिला दिसलं, आणि तिने भाताच्या रोपांच्या जुड्या सोडल्या. मी छत्री घेऊन पोचले तेव्हा रस्त्यात दोन लांब ओळी लावून झाल्या होत्या. बायका वाकून वाकून मागे सरत होत्या आणि राहीबाई कुरकुरत होती.

"भायच्या शेतात औंदा खडी लई हाय. बोटं सोलली."

मी राहीबाईला पुष्कळ वर्षं ओळखते. तिच्या तिन्ही मुलांच्या वेळी मी होते. शेत कुठलं आणि रस्ता कुठला हे तिला कळत नाही, असं मला कुणी सांगू नये. पण तिचा चेहरा मात्र अगदी भोळा होता. हसू दाबायचं म्हणून मी छत्रीआड गेले.

दाऊदभाई धावत आले. आता हे ओरडणार म्हणून मी तयारीत होते. ते पाण्याच्या कडेला थांबले. आधी त्यांनी रोपं बघितली, मग रोपांच्या बुडाशी आलेलं पाणी बघितलं. पहिल्या रोपाला जेवढं होतं तेवढंच शेवटच्या रोपाला. आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसाचा चेहरा खुलला.

"बकुळाबाय, बगा. किती सारखं उभं हाय!"

तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. हबीबा स्कूटरवर बसली होती. हेल्मेट घातलेलं, पायाशी आज पातेलं नाही, कपड्यांची पिशवी. लावणीपर्यंत थांबते म्हणाली होती आणि लावणी तर थेट रस्त्यातच सुरू झाली होती. बायका वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या.

"हा रस्ता पान्यासाठी केलात तुमी," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हाय."

एवढंच. मग ती उतरली, स्कूटर स्टँडवर लावली आणि पिशवी घेऊन आत गेली, कारण त्या पाण्यातून जाताही येत नव्हतं. जायला निघालेल्या बाईला जाता येऊ नये, याच्याइतकं वाईट मी फार थोडं बघितलं आहे. मला दाऊदभाईंचा खूप राग आला. म्हटलं आता यांना सुनवावं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि तो विचार सोडला. चेहऱ्यावरचं ते तेज पार गेलं होतं.

ते ट्रॅक्टरवर बसले आणि बांधावरून कसेबसे डांबरावर गेले. परत आले तेव्हा मागे प्रितमचं तिरकं पातं होतं. प्रितमने काही विचारलं का, असं मी नंतर विचारलं. "पोरगा चांगला हाय, हसला न्हाय," एवढंच म्हणाले. राहीबाईने सगळी रोपं उपटून खऱ्या शेतात नेली आणि जाता जाता म्हणाली, "मी बोललेच होते, खडी लई हाय."

पाऊस थांबेपर्यंत ते पायरीवर बसून राहिले. मग फावड्याने दोन्ही बांध जागोजाग फोडले. पाणी शेताकडे धावायला लागलं तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं. रस्ता जरा वाळून आवळला तशी उजव्या हाताच्या दांडीची तार कापली. पातं तिरकं केलं. पहिली फेरी मारली. कडेची खडी हळूहळू मध्ये सरकत आली. एका बाजूने फेरी, मग दुसऱ्या. मध्ये फुगलेला, दोन्हीकडे ढळलेला रस्ता. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं वाकडं काम, आणि ते सगळ्या पाड्यासमोर. केसरीनाथ बघायला आले होते. या खेपेला त्यांनी कॅरमचं नाव काढलं नाही.

काम संपलं आणि पुन्हा पाऊस लागला. आम्ही ओट्यावर उभे राहून बघत होतो. पाणी रस्त्यावर पडत होतं आणि थांबत नव्हतं. दोन्ही अंगांनी सरळ खाली जात होतं. रस्ता ओला होता, पण रस्ता होता.

पाऊस ओसरल्यावर हबीबा बाहेर आली. पिशवी पायाशी ठेवली, हेल्मेट घातलं आणि निघाली. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून, एकदाही न डगमगता. डांबरावर पोचली आणि डावीकडे, पडघ्याकडे न वळता कोनच्या दिशेला वळली. दाऊदभाई तिथेच ओट्यावर खाली बसले.

"गेली," ते म्हणाले. "मीच रस्ता करून दिला."

मी त्यांना चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कपातला चहा सारखा आहे की नाही ते बघितलं नाही. मला हबीबाचाही राग आला. एवढं करून घेतलं आणि गेली! दाऊदभाई डांबराकडे बघत राहिले. मी काहीबाही बोलत राहिले, धम्मदिनाचं, माझ्या गुडघ्यांचं.

दिवस मावळायच्या आत स्कूटरचा आवाज आला. हबीबा भिजत आली, ओट्याशी थांबली, हेल्मेट काढलं. पायाशी पिशवी नव्हती.

"पिशवी?" दाऊदभाईंनी विचारलं.

"अदीबाकडं ठेवली. कपडे असू देत तितं. कधी मन झालं तर जाईन, एक-दोन दिवस राहीन."

"आन हितं?"

"हितंच राहते ना. आता कधीपन जाता येतंय, मंग जायची घाई कसली?"

ती आत गेली. मीही घरी आले आणि उगाचच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. दाऊदभाई तिरकं पातं लावून रस्त्यावर होते आणि पावसाने कडेला गेलेली खडी पुन्हा मध्ये ओढत होते. आता प्रत्येक मोठ्या पावसानंतर ते हे करतात. बायकोला केव्हाही सोडून जाता यावं म्हणून आपल्या हाताने वाकडा रस्ता नीट ठेवणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही.